संपर्क : कायकी

लातूरला आमच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. पूर्वी तिथं सरकी पेंडीची पोती असायची. आता मी असतो. पोत्यांना निदान गिऱ्हाईक आलं की बाहेर पडायला मिळायचं.

मी पुण्याच्या एका कंपनीचा नोकर. कंपनी युरोपातल्या एका बँकेचं काम करते आणि त्या बँकेकडं मेनफ्रेम आहे, म्हणजे कपाटाएवढा दांडगा, जुन्या वळणाचा कॉम्प्युटर. त्यावरचे काही प्रोग्राम असेंबलर नावाच्या भाषेत लिहिलेत. ही भाषा यंत्राच्या इतकी जवळची की तिच्यात ‘गाडी आली’ एवढं म्हणायचं तरी शब्द कुठून उचलायचा, कुठं ठेवायचा आणि किती अक्षरं उचलायची हे सगळं आपणच सांगायचं. ती येणारी माणसं आता थोडी उरलीत. आमच्या टीममध्ये तर मी एकटाच. याचा मला सुरुवातीला लई अभिमान होता. पुढं कळलं की अभिमान आणि कडी एकाच दाराला लागतात.

बँकेचा नियम असा, की त्यांच्या चालू यंत्राला हात लावायचा तर मंजूर झालेल्या पत्त्यावरूनच. मी लातूरचा पत्ता दिला, कारण तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं आणि आम्ही दोघं तिथंच राहत होतो. खोलीचे फोटो मागवले गेले. टेबल कुठं, खिडकी कुठं, दाराला कुलूप आहे का, सगळं पाहिलं. भिंतीवरचा शंकराचा फोटो काढायला लावला, कारण काचेत स्क्रीनचं प्रतिबिंब पडतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, कपाळाला विभूती लावून खाली गल्ल्यावर बसतात. ते म्हणाले, “देव तुझी बँक वाचतोय व्हय रे?”

“नियम हाय अप्पा.”

“मग देवाला पाठमोरा लाव.”

खोली मंजूर झाली आणि वर्षभरात बायकोला नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागली. ती गेली, पुढं मुलगी झाली, तीही तिकडंच. मी इकडं. पत्ता बदला म्हटलं तर उत्तर यायचं, की या कामावर आहात तोवर पत्ता बदलता येणार नाही. कामातून मोकळे झालात की कुठंही राहा. आणि मोकळं करा म्हटलं की, तुमच्याशिवाय हे येतंय कुणाला?

तेव्हा ज्या आठवड्यात बँकेचं काही अडलं की वाजणारा ड्यूटीचा फोन माझ्याकडं नसेल त्या रविवारी मी पहाटेची एसटी धरायचो, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायचो, आणि सोमवारी परत. दार उघडलं की मुलगी नाक दाबायची. “बाबा, तुम्हाला म्हशीचा वास येतो.” तो पेंडीचा वास. पोती जाऊन इतकी वर्षं झाली, वास अजून खोलीत भाड्यानं राहतो.

बायको एकच प्रश्न विचारायची, “कायमचे कधी येणार?”

मी म्हणायचो, “काय की.”

आता हा शब्द पुण्याच्या लोकांना सांगावा लागतो. आमच्याकडं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, उमरीची गाडी कधी हाय? आतला माणूस मान वर न करता म्हणतो, “काय की बा.” यात ‘मला माहीत नाही’ असं नाही. तसं म्हटलं की अज्ञान आपलं ठरतं. ‘काय की’ म्हटलं की सगळा दोष गाडीचा. उत्तरही दिल्यासारखं होतं आणि काही सांगावंही लागत नाही. मी या शब्दावर वाढलो. निकाल कधी? काय की. घर कधी घ्यायचं? काय की. शेवटी बायकोनं नांदेडच्या घरात त्यावर बंदी घातली.

“दुसरं काहीही म्हणा. न्हाई म्हणा. पण ते नको. ऐकलं की वाटतं मी स्टँडवर उभी आहे.”

सुटकेची वाट मिळाली ती मात्र अचानक. पुण्याच्या मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, एकदा म्हणाल्या, “तुमच्या त्या प्रोग्राममधला सगळा त्रास मेसेजचा आहे. एक शब्द बदलायचा तरी तुम्हालाच बोलवावं लागतं. तो भाग असा करून द्या की मेसेज कुणालाही बदलता येईल. मग मी तुम्हाला मोकळं करते. शब्द देते.”

शब्दच हवा होता. मी लागलो कामाला.

काम काय, ते अप्पांनी विचारलं तेव्हा मी पुन्हा स्टँडवरच गेलो. म्हटलं, “अप्पा, स्टँडवर कंट्रोलर काय बोलतो? ‘अमुक ठिकाणाहून आलेली, तमुक ठिकाणी जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागलेली आहे.’ वाक्य रोज तेच. औसा, लोहा, उमरी तेवढं बदलतं. बँकेचं यंत्रपण असंच ओरडत असतं. ‘अमुक फाइल तमुक जागी सापडली नाही.’ आतापर्यंत प्रत्येक वाक्य वेगळं करून प्रोग्राममध्ये पक्कं चिणलं होतं. मी काय करून राहिलो, सगळी वाक्यं एका तक्त्यात मांडतोय. बदलत्या जागी खुणा ठेवायच्या, पहिली, दुसरी. प्रोग्राम ऐन वेळी त्या जागी खरं नाव भरतो.”

अप्पांनी विचार केला. “म्हणजे निरोप लिहितोस.”

“हाव. तसंच.”

त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, “पोरगं बँकेचे निरोप लिहितंय.” लोक वर माझ्या खिडकीकडं बघायचे. एकानं तर मला हाक मारून विचारलं, की लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर करून देता का.

पण हे सांगायला सोपं. असेंबलरमध्ये खुणेचं चिन्ह म्हणून मी & घेतलं, म्हणजे &1, &2. तर असेंबलर हे चिन्ह स्वतःची खाजगी मालमत्ता समजतो. एक लिहिलं तर तो ते आपल्या कामाचं समजून गिळतो आणि वर ओरडतो. दोन लिहिलेत तर एक आपल्या हाती लागतं. माहेरून लाडवाचे दोन डबे निघावेत आणि एक पोचावा, तसं. त्यात लांबीचा घोळ. यंत्राला ‘आठ अक्षरं हलव’ म्हणायचं तर सात सांगावं लागतं, कारण ते शून्यापासून मोजतं. मला हे कॉलेजपासून पाठ होतं, त्यामुळं मी ते विसरलो. पहिल्या चाचणीत प्रत्येक नाव शेजारच्या शब्दाचं एक अक्षर खात होतं. सगळे निरोप तोतरे झाले. मी ते दुरुस्त केलं. मग नावं आठ अक्षरांहून छोटी असली की मागं रिकाम्या जागा राहायच्या, मधेच दात पडल्यासारख्या. त्या मागून पुढं खरवडत आणायला शिकवलं. काम जमत आलं तसं मी नांदेडला फोन करून सांगू लागलो, की आता झालंच.

आणि इथं मी माती खाल्ली.

समजा वाक्यात तिसरी खूण आहे, पण प्रोग्रामनं भरायला दोनच नावं पाठवली. मग तिसऱ्या जागी काय घालायचं? शहाणा माणूस फुल्या घालतो. मला चाचणीत चटकन डोळ्यात भरेल असं काही हवं होतं. जागा आहे, विचारलंय, उत्तर कुणाकडंच नाही. अशा वेळी आमच्याकडं काय म्हणतात? मी रोमन अक्षरांत KAYKI टाकलं. पाच अक्षरं, आठात आरामात बसणारी. पहिल्यांदा स्क्रीनवर ‘FILE KAYKI NOT FOUND’ आलं तेव्हा मी खोलीत एकटाच इतका हसलो की अप्पा जिन्यावरून ओरडले, “काय झालं रे?”

काम संपताना ते काढायचं होतं. राहिलं. नाही, खोटं कशाला, ठेवलं. रोज बघून मजा वाटायची, आणि त्या खोलीत मजेला दुसरं काय होतं?

मग माझं लिखाण तपासायला कोइमतूरच्या एका गृहस्थाकडं गेलं. माझ्यानंतर तेच हा तक्ता सांभाळणार होते. गृहस्थ सज्जन आणि काटेकोर. त्यांनी एकच शंका काढली : KAYKI म्हणजे काय? आता मी लिहायला हवं होतं, की चुकून राहिलंय, काढतो. पण सुटका जवळ दिसली की माणसाच्या अंगात येतं. मी लिहिलं : ‘की ॲबसेंट, यील्ड नोन इंडिकेटर.’ म्हणजे किल्लीचं नाव हजर नसेल तर ओळखीची खूण द्यावी. इंग्रजीतली पहिली अक्षरं जोडली की बरोबर KAYKI. इंग्रजी असं की मलाच पटलं. त्यांनी ‘वेल डिझाइन्ड’ असा शेरा मारून मंजूर केलं. माहितीच्या कागदात तो लांबलचक अर्थ छापला गेला. मी तो बायकोला वाचून दाखवला.

ती म्हणाली, “घरात बंदी घातली तर तुम्ही युरोपात न्हेलात?”

पण हसत होती. कारण मॅडमनी शब्द पाळला होता. मला मोकळं केल्याचं पत्र आलं होतं.

शेवटच्या दिवशी मी टेम्पो सांगितला. संध्याकाळपर्यंत कागदावर अजून कामावर होतो, पण करायला काही उरलं नव्हतं. टेबल, खुर्ची, पलंग, गादी, कपडे चढवले. लॅपटॉप आणि ड्यूटीचा फोन तेवढे मांडीवर, कारण ते पुण्याला परत पाठवायचे होते. अप्पा टेम्पोपर्यंत आले. “जा,” म्हणाले, “आता पोरीला बाप दिसंल.” टेम्पो निघाला तेव्हा मी वळून खिडकीकडं बघितलंसुद्धा नाही.

लोह्याला चहाला थांबलो. ड्रायव्हर भज्यांच्या गाड्याकडं गेला. कप ओठाला लावतो न लावतो, मॅडमचा फोन.

“एक विचारायचं होतं. आपल्या टीममध्ये कायकी नावाचं कुणी आहे का?”

चहा नाकात गेला.

“हॅलो? अहो, ऐकताय ना? क्लायंटचं काम मघापासून अडलंय. त्यांच्या स्क्रीनवर मेसेज आलाय, की फाइल सापडत नाही, ‘संपर्क : KAYKI’. ते लोक सगळी डिरेक्टरी शोधतायत. जपानी माणूस असेल म्हणून टोकियोच्या शाखेला पण फोन केला त्यांनी.”

काय झालं ते मला उभ्या उभ्या कळलं. मीच निरोप सोपे करून दिले होते. बँकेच्या लोकांना वाटलं, छान, आता आपणच सुधारू. त्यांनी त्या वाक्याला शेपूट जोडलं, ‘संपर्क : &3’, म्हणजे अडचण आली तर कुणाला बोलवायचं त्याचं नाव. खूण ठेवली. पण नाव पाठवणारं मागं कुणीच नव्हतं. प्रोग्राम दोनच गोष्टी पाठवत होता, फाइल आणि जागा. तिसरी रिकामी. आणि रिकाम्या जागी काय घालायचं हे मी त्याला शिकवून ठेवलं होतं.

“मॅडम, कायकी हे नाव नाही.”

“हो, कोइमतूरहून तेच सांगितलं. इंडिकेटर आहे म्हणे, ओळखीची खूण. पण ओळखीची कुणाच्या?”

“माझ्या.”

“म्हणजे?”

“तो आमच्याकडचा शब्द आहे. मराठवाड्यातला.”

“बरं. अर्थ काय त्याचा?”

“कुणास ठाऊक.”

“अहो, मी अर्थ विचारतेय.”

“तोच अर्थ आहे, मॅडम.”

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “तुमचा ॲक्सेस आज संध्याकाळपर्यंत आहे ना? लातूरच्या पत्त्यावरूनच?”

मी टेम्पोवाल्याला नांदेडचा पत्ता नीट समजावला, बायकोला फोन केला की सामान येतंय, आणि समोरून आलेल्या लातूरच्या एसटीत चढलो. खिडकीतून दिसलं, माझी गादी दोरीनं बांधून नांदेडकडं चालली होती. मी उलट्या दिशेनं. ड्रायव्हरनं हात केला.

घरी पोचलो तर जिन्यात दोन हमाल. अप्पांनी खोली भरायला घेतली होती. निम्म्या भिंतीला पेंडीची पोती लागलीसुद्धा.

“आलास? कामून?”

“काम राहिलंय थोडं.”

“मला वाटलं खोली रिकामी झाली.” अप्पा ओशाळले. “उतरवायला लावू का?”

“राहू द्या. घाई हाय.”

टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. एका पोत्यावर बसलो, दुसऱ्यावर लॅपटॉप ठेवला. मंजूर फोटोतली खोली कोणती आणि ही कोणती! आधी बँकेचं अडलेलं काम मोकळं केलं. फाइल दुसऱ्याच जागी पडून होती. मग तो शब्द काढून तिथं फुल्या घातल्या आणि बदल मंजुरीला पाठवला. वाटलं, उद्या सकाळची पहिली गाडी.

तेवढ्यात ड्यूटीचा फोन वाजला. परदेशी आवाज, अगदी अदबीचा.

“मिस्टर कायकी?”

मी काय म्हणावं? तोंडातून निघून गेलं, “हाव.”

मिस्टर कायकींचे त्यांनी मनापासून आभार मानले. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेसेजमध्येच माणसाचं नाव होतं आणि तो माणूस सापडलाही. मी ‘थँक यू’ म्हणालो. काय करणार, कौतुक होतं.

थोड्या वेळानं मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता. वरिष्ठांचा आवाज गोड झाला की आपण पोत्याला घट्ट धरावं.

“फुल्यांचा बदल क्लायंटनं परत पाठवलाय. म्हणाले, कायकी राहू द्या. त्यांनी त्यांच्या संपर्काच्या यादीत लिहून घेतलंय. कायकी म्हणजे तुमचा नंबर.”

“मॅडम, पण मी मोकळा झालोय. पत्र आहे.”

“हो, पत्र आहे तुमच्या नावानं,” मॅडम म्हणाल्या. “पण ते म्हणतायत, कायकींना सोडू नका. थोडे दिवस. मी पुन्हा बोलते ना त्यांच्याशी.”

“थोडे म्हणजे किती, मॅडम?”

त्या गप्प झाल्या. मला त्यांची कीव आली. इतकं शुद्ध मराठी येऊन काय उपयोग? त्या क्षणाला लागणारा शब्दच त्यांच्याकडं नव्हता.

अप्पांनी वर चहा पाठवला नाही, स्वतःच घेऊन आले. दारातच थांबले, कारण आत यायला नियमानं बंदी आणि आता जागाही नाही. “ऱ्हायलास म्हण की,” म्हणाले. आनंद झाला होता का वाईट वाटलं होतं, ते दोन्ही लपवायचा प्रयत्न करत होते. मी कप घेतला आणि झालं ते सांगितलं. ते पुन्हा म्हणाले, “निरोपात सोताचं नाव घालतंय का कुणी?”

संध्याकाळी नांदेडचा फोन. मागं हातोडीचा आवाज होता. पलंग जोडत होते.

“टेबल खिडकीपाशी लावलंय,” बायको म्हणाली. “पोरगी तुमच्या खुर्चीवर बसून गरगर फिरून राहिली. निघालात का?”

मी तिला सगळं सांगितलं. जपानी शाखेपाशी ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. हातोडी थांबली. तिनं कुणाला तरी, बहुतेक टेम्पोवाल्याला, राहू द्या म्हणून सांगितलं.

“मग कधी येणार?”

मी इकडं तिकडं बघितलं. पोती होती. तारीख नाही, वार नाही, मॅडमचा शब्दसुद्धा वापरून संपला होता.

“म्हणा,” ती म्हणाली. “आज एकदा चालतंय.”

“काय की.”

तिनं ऐकून घेतलं. स्टँडवर उभी असलेली बाई ऐकून घेते तसं, पिशवी या हातातून त्या हातात घेत. मग म्हणाली, “गादीला लई वास मारतोय हो. उद्या गच्चीवर उन्हात टाकते. किती दिवसांनी जाईल?”

मुभा एकदाचीच होती. मी गप्प बसलो, आणि ती जागा तशीच रिकामी नांदेडला पोचली.